गोव्याच्या उन्हाळ्यात मोगरा कसा फुलवावा, आणि त्याच्या जोडीला काय लावावं

मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटव्याच्या टोकाला. एप्रिल-मेमध्ये फुलं हवी असतील तर फुटवा फेब्रुवारीत निघायला हवा, आणि तो काढायचा तर जुनी फांदी जानेवारीत कापायला हवी. बहुतेक घरांत नेमकं उलट होतं. मार्चमध्ये नर्सरीतून कळ्यांनी लगडलेलं रोप आणतात, त्या कळ्या फुलून जातात आणि पुढे मे संपेपर्यंत नुसती हिरवी पानं. रोप खराब नसतं, त्याची छाटणी राहिलेली असते.

वेळापत्रक मात्र गोव्याचंच धरावं. इथला उन्हाळा विदर्भासारखा भाजून काढणारा नाही. किनारपट्टीवर पारा 33-35 अंशांच्या आसपास रेंगाळतो. झाडांना छळतो तो दमटपणा, पाणी दिलं की घट्ट बसणारी जांभी माती, आणि समुद्राजवळच्या विहिरींचं मेमध्ये मचूळ होणारं पाणी. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला की मोगऱ्याचा मुख्य हंगाम आटोपतो. म्हणजे हातात मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचे दहा-अकरा आठवडे. तेवढ्यात दोन बहर सहज मिळतात, नीट जमलं तर तिसराही.

ऊन कुठून येतं ते आधी बघा

मोगऱ्याला रोज किमान 5 ते 6 तास थेट ऊन हवं. इथे एक गोष्ट हमखास चुकते. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या सुरुवातीला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टपर्यंत उत्तरेकडे सरकलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेच्या गॅलरीत भरपूर ऊन दिसतं म्हणून कुंडी तिथे ठेवली, तर एप्रिलअखेर छपराच्या सावलीने ती झाकली जाते. उलट उत्तरेची जी बाजू थंडीत अंधारी असते, तिथे मेमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. पूर्वेची बाजू सगळ्यात भरवशाची. पश्चिमेलाही फुलं येतात, फक्त पाणी जास्त लागतं. माड, फणस किंवा शेजाऱ्याच्या आंब्याखाली मोगरा लावला तर त्याला लांबच लांब वेलासारखे फुटवे सुटतात आणि फूल एक येत नाही. असं झाड खत घालून सुधारत नाही, ते हलवावंच लागतं.

माती आणि कुंडी

एका झाडाला 12 ते 14 इंचांची कुंडी पुरते. फार मोठी घेऊ नये, झाड मुळं पसरवत बसतं आणि फुलं लांबतात. मिश्रण असं: परसातली लाल माती 4 भाग, कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट 3 भाग, कोकोपीट 2 भाग, जाड वाळू 1 भाग. किनाऱ्यावरची वाळू कधीही घालू नका, तिच्यातलं मीठ मुळांना मारतं. नुसत्या लाल मातीत लावलं तर दोन महिन्यांत तिचा चिरा होतो आणि पाणी कडेकडेने वाहून जातं.

आपल्या जांभ्या मातीत लोह भरपूर असतं, माती आम्ल असते, आणि घातलेलं स्फुरद (फॉस्फरस) ती धरून ठेवते, झाडाला लवकर देत नाही. म्हणून हाडांचा चुरा मातीत नुसता भुरभुरण्यापेक्षा शेणखतात कालवून मुळांजवळ द्यावा. रांदणीतली (चुलीतली) लाकडाची राख असेल तर कुंडीला महिन्यातून एक मूठ द्या, पालाशही (पोटॅश) मिळतं आणि आम्लताही थोडी उतरते.

जमिनीत लावायचं तर दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. तळाला नारळाची सोडणं पोकळ बाजू वर करून एक थर रचा, म्हणजे पाणी त्यांत साठून राहतं. त्यावर माती आणि शेणखत निम्मं-निम्मं. वाळवीचा उपद्रव असलेल्या जागी खड्ड्यात अर्धा किलो करंजाची किंवा कडुलिंबाची पेंड मिसळल्याशिवाय सोडणं घालू नका.

छाटणी: संक्रांत झाली की

संक्रांतीनंतर ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कधीही करा. त्याआधी झाडाला थोडं तहानेलं ठेवायचं. जमिनीतल्या झाडाचं पाणी 7-8 दिवस बंद, कुंडीतल्याचं 4-5 दिवस. पानं जराशी मलूल झाली की पुरे, वाळू द्यायचं नाही.

मग धारदार सिकेटर घ्या. जमिनीतलं झाड दीड फुटावर आणि कुंडीतलं एका फुटावर कापायचं, प्रत्येक काप डोळ्याच्या (फांदीवर जिथून फुटवा निघतो त्या जागेच्या) पाव इंच वर आणि तिरपा. वाळलेल्या, पेन्सिलपेक्षा बारीक, आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढा. उरलेली सगळी पानंही हाताने खुडून टाका. झाड उघडंबोडकं दिसतं, बघणारा हळहळतो, पण पानं ठेवली तर फुटवे एकाच वेळी निघत नाहीत आणि बहर तुकड्या-तुकड्याने येतो.

बुंध्याभोवतीची माती 3-4 इंच खोल हलकेच उकरून दोन दिवस उन्हात उघडी ठेवा. तिसऱ्या दिवशी खत भरा. जमिनीतल्या झाडाला एक घमेलं शेणखत (8 ते 10 किलो), पाव किलो पेंड, दोन मुठी हाडांचा चुरा. कुंडीला दोन ओंजळी शेणखत किंवा गांडूळ खत, 50 ग्रॅम पेंड, एक मूठ हाडांचा चुरा. मग भरपूर पाणी. आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात, आणि छाटणीपासून सहा ते आठ आठवड्यांत कळ्या धरतात. म्हणजे शिगम्याच्या सुमारास पहिली फाती (केसांत माळायचा गजरा) ओवता येते.

कळी धरेपर्यंत आणि धरल्यावर

फुटवे बोटभर झाले की शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी द्या. 100 ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात 3-4 दिवस भिजवा, रोज ढवळा, मग त्यात 10 लिटर पाणी घाला. कुंडीला अर्धा लिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदाच. घाण्यावरची खोबऱ्याची पेंडही चालते, फक्त मुंग्या येतात. टोकाला मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या की पेंडीचं पाणी बंद. पेंडीतलं नत्र (नायट्रोजन) चालू ठेवलं तर झाड पुन्हा पानांच्या मागे लागतं. यापुढे राख, नाहीतर लिटरला 1 ते 2 ग्रॅम 0:0:50 (पाण्यात विरघळणारं पालाशाचं खत) दहा दिवसांतून एकदा.

पाणी सकाळी आठच्या आत. 12 इंची कुंडीला दीड ते दोन लिटर, तळातून पाणी झिरपेपर्यंत. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी मातीत बोट घालून बघा, दोन इंच खाली कोरडं लागलं तरच पुन्हा थोडं द्या. जमिनीतल्या झाडाला एक दिवसाआड 8 ते 10 लिटर. उन्हात पडलेल्या पाइपातलं सुरुवातीचं पाणी कढत असतं, ते आधी बाजूला सोडून द्या. सिमेंटच्या गच्चीवर कुंडी थेट टेकवू नका, खाली चिऱ्याचे तुकडे किंवा विटा ठेवा. बुंध्याभोवती सुक्या पानांचा दोन इंच थर हवा, पण खोडापासून चार बोटं लांब.

कलंगुट, मिरामार, कोलव्यासारख्या किनाऱ्यालगतच्या भागांत पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळत असतील तर संशय मिठाचा घ्यावा. खारा वारा पानांवर बसत असेल तर आठवड्यातून दोनदा सकाळी गोड्या पाण्याने पानं धुवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पंधरवड्यातून एकदा कुंडीच्या मापाच्या तिप्पट गोडं पाणी हळूहळू ओतून माती धुऊन काढा. त्यानंतर खत पुन्हा द्यावं लागतं, कारण तेही वाहून गेलेलं असतं.

फातीसाठी कळ्या काढायच्या तर सकाळी, पूर्ण भरलेल्या, पांढऱ्या झालेल्या पण बंद. ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून सावलीत ठेवल्या की तिन्हीसांजेला उमलतात. एक बहर ओसरला की फूल गळालेल्या जागेखाली पानांच्या दोन जोड्यांपर्यंत शेंडा खुडा. हे काम लोक टाळतात आणि मग दुसरा बहर का आला नाही ते विचारतात. खुडल्यावर महिन्या-सव्वा महिन्यात पुन्हा कळ्या लागतात.

कळ्या जांभळ्या होऊन का गळतात

गुलाबी-जांभळी झालेली कळी फोडून बघावी. आत हिरवट अळी आणि विष्ठा असेल, बाहेर भोक किंवा जाळं असेल तर ती कळी पोखरणारी अळी. भोक नाही, कळी देठापाशी सुजलेली आणि खुरटी असेल तर ती कळीमाशी. माशीच्या अळ्या कळीतून खाली मातीत जाऊन कोष करतात, म्हणून गळलेल्या कळ्या कुंडीतच पडू देऊ नयेत. रोज वेचून साबणाच्या पाण्यात बुडवा किंवा जाळा, वरची इंचभर माती उकरा आणि तिच्यात मूठभर कडुलिंबाची पेंड मिसळा. दोन्हींवर कडुलिंबाचं तेल लिटरला 5 मिली, त्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार थेंब, आठवड्याच्या अंतराने तीनदा, ऊन उतरल्यावर.

पानं धुरकट, तांबूस झाली आणि खाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. त्यांना कोरडी, धूळ बसलेली जागा आवडते. पानांच्या खालच्या बाजूला जोराने पाणी मारणं हा पहिला उपाय आणि बहुतेक वेळा पुरेसा. नाही भागलं तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, संध्याकाळीच. तेलाची फवारणी आणि गंधक यांत पंधरा दिवसांचं अंतर हवं, नाहीतर पानं करपतात.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. माती लाल असली तरी कुंडीत हे होतं, विशेषतः राख किंवा चुना जास्त झाला तर. फेरस सल्फेट लिटरला 5 ग्रॅम, दहा दिवसांनी एकदा, पानांवर फवारा. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर मात्र तळाचं भोक बुजलं आहे का ते आधी बघा.

हुमले (तांबडे मुंगळे) शेंड्यांवर चढउतार करताना दिसले तर त्यांच्या मागे न लागता फांदीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहेत का ते शोधा. गोड चिकटा त्यांतूनच येतो.

जोडीला

आबोलीला दुपारची सावली चालते, त्यामुळे मोगऱ्याला न मानवणारी जागा तिला द्यावी. रोपांत एक फूट अंतर. फुलं संपलेलं कणीस लगेच कापा, नाहीतर झाड बियांत रमतं. बी हवं असेल तर वाळत आलेलं कणीस कागदी पिशवीत काढून ठेवा, कारण पक्व बोंड पाणी लागताच तडकतं आणि बी उडून जातं. दिल्ली आबोलीला बी धरत नाही, ती फांदीवरूनच वाढवायची. आबोली अचानक मरगळली तर उपटून मुळं बघा. मुळं काळी, तुटकी, आखूड असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळं खाणारे मातीतले डोळ्यांना न दिसणारे कृमी. त्या मातीत पुन्हा आबोली लावू नका, एक हंगाम झेंडू लावा आणि पेंड मिसळा.

चिनी गुलाबाला कष्ट नाहीत. चार बोटांची फांदी खोचा, कडक ऊन आणि दोन दिवसांनी पाणी, झालं. झिनियाचं बी फेब्रुवारीत टाकलं तर 50 ते 60 दिवसांत फुलतं. रोपाला चार-पाच पानं आल्यावर शेंडा खुडा आणि दोन रोपांत एक फूट मोकळं ठेवा, कारण आपल्या दमट हवेत दाटीने लावलेल्या झिनियावर भुरी हमखास येते. सदाफुली आणि बोगनवेल खाऱ्या वाऱ्यालाही बधत नाहीत. बोगनवेलीला पाणी कमी केल्याशिवाय रंग चढत नाही, एवढंच.

अनंताला आम्ल माती आवडते. त्याला राख नको, चुना नको, आणि कळ्यांवर असताना मुळं एकदाही सुकू द्यायची नाहीत, नाहीतर सगळ्या कळ्या गळतात. मे फ्लॉवरचे कंद मात्र डिसेंबर ते एप्रिल कोरडे राहू द्या. वळवाची पहिली सर आली की पानांआधी लाल गोळा वर येतो. कंदाची मान मातीबरोबर ठेवा आणि दरवर्षी उकरू नका, हलवलेला कंद एखादं वर्ष रुसतो.

पाऊस लागला की कुंड्यांखालच्या बशा काढा आणि खत थांबवा. जून-जुलैत मोगऱ्याची नवी रोपं करावी. पेन्सिलएवढी जाड, 6 ते 8 इंच लांब, तीन-चार डोळ्यांची फांदी घ्या, खालची पानं काढा, दोन डोळे मातीत जातील अशी वाळू-कोकोपीटमध्ये खोचा, आणि वर छप्पर असलेल्या उजेडाच्या जागी ठेवा. पाचेक आठवड्यांनी हलकेच ओढून बघा. हाताला अडली तर मुळं धरलीत, पण कुंडीत हलवायची घाई न करता गणेश चतुर्थीपर्यंत तिथेच राहू द्या.