क्रिप्टो समजून घ्यायचंय? आधी किल्ली समजून घ्या

'थोडे पैसे टाका, म्हणजे आपोआप कळेल' हा सल्ला नवख्याला हमखास मिळतो आणि माझ्या मते याच्याइतका वाईट सल्ला दुसरा नाही. पैसे अडकले की माणूस दिवसभर भाव बघत बसतो आणि व्यवहार आतून कसा चालतो, हे बघायचं राहूनच जातं. खालचं सगळं एक पैसाही न घालता करता येतं.

1. वही उघडून बघा. बिटकॉइनचा सगळा हिशेब जाहीर आहे. तो 'ब्लॉक' नावाच्या पानांत लिहिलेला असतो. कुठल्याही ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ही पानं दाखवणाऱ्या साइटवर, शून्य क्रमांकाचा, म्हणजे सगळ्यात पहिला ब्लॉक शोधा. तारीख दिसेल 3 जानेवारी 2009 आणि ब्लॉक जोडणाऱ्याला मिळणारं बक्षीस 50 नवे बिटकॉइन. मग आजचा ताजा ब्लॉक उघडा. दर 2,10,000 ब्लॉकनंतर हे बक्षीस निम्मं होतं. एप्रिल 2024 मध्ये ते 3.125 वर आलं. एकूण बिटकॉइन 2 कोटी 10 लाखांच्या पुढे जात नाहीत, ते या निम्मं होत जाण्यामुळेच.

2. टेस्टनेटचं, म्हणजे सरावासाठीच्या नेटवर्कचं, वॉलेट काढा. वॉलेट म्हणजे नाणी पाठवायचं-घ्यायचं अ‍ॅप. इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो नेटवर्कचं सेपोलिया हे टेस्टनेट चालेल. सरावाची नाणी फॉसेटवरून, म्हणजे ती वाटणाऱ्या साइटवरून, फुकट मिळतात आणि त्यांना बाजारात काहीही किंमत नसते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर ती साइट बंद करा.

3. किल्ली. इथे घाई करू नका. मलाही हाच भाग डोक्यात शिरायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

वॉलेटमध्ये नाणी नसतात. कोणत्या पत्त्यावर (खाते क्रमांकासारखी अक्षरं-आकड्यांची ओळ) किती आहे, याची नोंद त्या जाहीर वहीत असते. वॉलेटकडे असते ती फक्त प्रायव्हेट की, म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या, जिच्या जोरावर 'हे तिकडे पाठवा' या आदेशावर सही होते. तुम्ही कोण आहात, हे नेटवर्कला माहीत नसतं. सही जुळली की त्याच्या दृष्टीने मालक तुम्हीच.

वॉलेट सुरू करताना जे 12 किंवा 24 शब्द दिसतात, ती सीड फ्रेज. 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतून ते निवडले जातात आणि तुमच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्यातूनच तयार होतात. अ‍ॅपचा पिन वेगळा. पिन फक्त त्या फोनवरचं अ‍ॅप उघडतो. शब्द जगातल्या कुठल्याही फोनवर तुमचं वॉलेट उघडतात. बहुतेकांची गल्लत इथेच होते. पिन जिवापाड जपतात आणि शब्दांचा स्क्रीनशॉट काढतात, जो फोटोंच्या बॅकअपबरोबर क्लाउडवर जाऊन बसतो. कृपा करून असं करू नका. शब्द कागदावर, क्रमांक घालून, हाताने लिहा.

आता खरा धडा. अ‍ॅप चक्क काढून टाका. दुसऱ्या फोनवर नव्याने घ्या आणि कागदावरचे शब्द भरा. तोच पत्ता, तीच शिल्लक समोर आली की किल्ली म्हणजे काय ते पक्कं समजतं. नंतर मुद्दाम दोन शब्दांची अदलाबदल करून बघा. बहुतेक वेळा अ‍ॅप नकार देतं, पण कधीकधी भलतंच, रिकामं वॉलेट उघडतं. शब्द बरोबर असूनही क्रम चुकल्यामुळे 'पैसे गेले' म्हणून लोक हवालदिल होतात, ते यामुळे.

हे शब्द हरवले तर कुठलंही कार्यालय ते परत देऊ शकत नाही. आणि 'सपोर्ट टीम'च्या नावाने कोणी मागितले, तर तो चोर आहे. याला अपवाद नाही. खरे पैसे ठेवायची वेळ आली की सरावाचे शब्द फेकून नवे काढा.

4. सरावाच्या नाण्यांचा एक व्यवहार पाठवा. पाठवण्याआधी पत्ता पूर्ण वाचा. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं सारखी असलेले बनावट पत्ते तुमच्या व्यवहारांच्या यादीत घुसवले जातात. समोरचा ज्या नेटवर्कवर घेणार तेच निवडा. गेलेला व्यवहार मागे घेता येत नाही.

5. एक्स्चेंजकडे, म्हणजे क्रिप्टो विकत घ्यायच्या-विकायच्या कंपनीकडे बघा. तिथल्या नाण्यांची किल्ली एक्स्चेंजकडे असते. तुमच्याकडे फक्त त्यांनी दाखवलेला आकडा असतो. 2014 मध्ये माउंट गॉक्स आणि नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स बुडालं, तेव्हा खात्यात आकडे दिसत होते, पण काढता येत नव्हते. म्हणून एक्स्चेंज खरेदीपुरतं वापरा. मोठी रक्कम तिथे पडू देऊ नका, आणि कागदावरचे शब्द भरून वॉलेट परत उघडून पाहिल्याशिवाय ती स्वतःच्या वॉलेटमध्येही आणू नका.