पहिली बोट: दोघांना उचलेल तीच घ्या

पुण्याच्या आसपास धरणांना तोटा नाही. पवना, पानशेत, वरसगाव, भाटघर, शिवाय भिगवणला उजनीचा फुगवटा. तोटा आहे तो बोट पाण्यात सोडण्याच्या जागांचा. ट्रेलर थेट पाण्यापर्यंत नेता येईल असा बांधीव उतार क्वचितच सापडतो. दिवाळीनंतर पाणी मागे सरकू लागलं की रस्त्यापासून काठही लांब जातो. एप्रिलमध्ये आधी शंभर-दोनशे पावलं भेगाळलेली माती आणि पुढे घोट्यापर्यंत गाळ असतो. म्हणून लांबी आणि इंजिन नंतर बघा. आधी दोन मोठी माणसं ती बोट तेवढं अंतर नेतील का, ते विकणाऱ्यासमोरच उचलून बघा.

या चाचणीत बारा फुटी फायबरची बोट साधारण बाद होते, कारण ती ८० किलोच्या पुढे जाते. दोघांचं कयाक ३० ते ३५ किलोचं आणि गळाला उत्तम, पण चौघांच्या घराला पुरत नाही. अ‍ॅल्युमिनियमची दहा फुटी चपटी बोट मिळाली तर सोडू नका. आपल्याकडे ती सहज मिळत नाही, एवढंच. राहिली फुगवायची बोट.

त्यातही दोन जाती आहेत. पातळ प्लास्टिकची स्वस्त बोट तरणतलावापुरती ठीक. धरणाच्या काठावर वेडी बाभूळ असते आणि तिचा एक काटा पुरतो. आत कापडाचा थर असलेलं पीव्हीसी, जाडी ०.९ मिमीच्या आसपास, असंच घ्या. हवेचे कप्पे किमान तीन हवेत, म्हणजे एक फुटला तरी बोट तरंगत राहते. शिवणी चिकटवलेल्या आहेत की उष्णतेने जोडलेल्या, ते विचारा. चिकटवलेल्या शिवणी उन्हात आधी सुटतात. फुगवलेली बोट भर दुपारी काठावर ठेवली की आतली हवा प्रसरण पावून शिवणीवर ताण येतो, तेव्हा थोडी हवा सोडा. उलट, गार पाण्यात उतरल्यावर बोट सैल पडते. तेव्हा पुन्हा भरावी लागते, म्हणून पंप बोटीतच असू द्या.

आता वजन. आई-वडील आणि दोन मुलं मिळून समजा १९५ किलो. बॅटरी २८, मोटर १०, नांगर-दोरी ४, पाणी-डबा ८, गळाचं सामान ५, बर्फाची पेटी १०. झाले २६० किलो. बोटीवर लिहिलेल्या क्षमतेच्या ७० टक्केच धरा, म्हणजे ४०० किलोची बोट लागेल. ‘चार माणसांची’ या शब्दांवर जाऊ नका. त्या चौघांच्या हिशेबात बॅटरी नसते.

मोटर बॅटरीवरचीच बरी. पिण्याच्या पाण्यात पेट्रोल नको, आणि आवाजाने मासेही लांब जातात. भरलेल्या बोटीच्या दर ४५ किलोमागे २ पौंड जोर हा कमीत कमी हिशेब आहे. बोटीच्या स्वतःच्या वजनासकट ३०० किलो धरले तर १४ पौंड येतात, पण समोरून वारा असेल तर तेवढ्याने बोट जागची हलत नाही, म्हणून ४० पौंड जोराची घ्या. सगळ्यात घोटाळा बॅटरीत होतो. १०० अँपिअर-अवर म्हटलेली शिसे-आम्लाची बॅटरी निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. पूर्ण वेगात ४० अँपिअर ओढणारी मोटर त्यावर जेमतेम सव्वा तास चालते. निम्म्या वेगात हा वेळ दुपटीहून जास्त होतो. मोटर आणि बॅटरीच्या मध्ये फ्यूज हवाच, नाहीतर पंख्यात जाळ्याचा तुकडा अडकला की तारा तापतात. आणि वल्ही कायम सोबत.

काठाला शेत किंवा घर असेल आणि बोट तिथेच राहणार असेल, तर जुनी फायबरची परवडते. मागची फळी, जिच्यावर मोटर बसते, ती आधी तपासा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटण वाजली तर ठीक. आवाज बद्द आला तर स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरून आतलं प्लायवूड कुजलंय. मग बोट आधारावर ठेवून आत वीतभर पाणी ओता आणि खालून बघा. गळती असेल तर बाहेरून थेंब दिसतील.

लाइफ जॅकेटसाठी पैसे आधी बाजूला काढा. पोहता न येणाऱ्यांना १०० न्यूटनचं, म्हणजे तेवढ्या जोराने तरंगवून धरणारं. मुलांचं वजनानुसार, मानेला आधार आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं. घालून खांदे धरून वर उचला. कानापर्यंत सरकलं तर मोठं होतंय. दादाचं जॅकेट धाकट्याला चालत नाही.

वाऱ्याचं गांभीर्य सांगावंच लागेल. मे २०२४मध्ये उजनीत वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जण बुडाले. एप्रिल-मेमध्ये वळीव दुपारनंतर येतो, तेव्हा पहाटे निघून अकराच्या आत काठाला या. पावसाळ्यात उतरूच नका. नांगर नेहमी बोटीच्या नाकाला बांधा. मागे बांधला तर लाटेचं पाणी मागच्या फळीवरून आत येतं.

पैसे देण्याआधी परवानगीची चौकशी करा. धरणाच्या पाण्यावर जलसंपदा विभागाचा अंमल असतो, मुळशीत टाटा पॉवरचा. मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतो, तेव्हा गळ टाकण्याआधी त्यांना विचारा. त्यांची जाळी कुठे लावलेली आहेत तेही तिथेच कळतं. मोटरच्या बोटीच्या नोंदणीसाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे चौकशी करा.

घरी आल्यावर बोट धुऊन सावलीत पूर्ण वाळवा आणि टाल्कम पावडर लावून गुंडाळा. पार्किंगमध्ये जमिनीवर ठेवू नका. उंदीर पीव्हीसी कुरतडतात, आणि घडीच्या आतलं भोक पुढच्या फेरीला पाण्यावर गेल्यावरच कळतं.