पॉलिमर क्ले आणि मण्यांचे दागिने : ओव्हनपासून कटलरीच्या दुकानापर्यंत

हाताने घडवलेल्या कानातल्यांचा पहिला जोड गिऱ्हाईक नक्षी आणि रंग पाहून घेते. दुसरा जोड घ्यायला ते परत येते, ते पहिल्याचा हुक काळा पडला नाही, कड मोडली नाही आणि माळ ऐन लग्नाच्या मांडवात तुटली नाही म्हणून. या मार्गदर्शनात नक्षीकामापेक्षा भाजणी, जोडणी आणि किंमत यांना अधिक जागा दिली आहे, त्याचे कारण हेच आहे.

पॉलिमर क्लेमध्ये माती नसते. पीव्हीसी, त्याला मऊ ठेवणारे प्लास्टिसायझर आणि रंगद्रव्ये यांचे ते मिश्रण असते, त्यामुळे ते हवेवर वाळत नाही, केवळ उष्णतेने पक्के होते. स्टेशनरीच्या दुकानात हवेवर सुकणारी क्लेही मिळते, परंतु ती ओलाव्याने खराब होते आणि घामाच्या सान्निध्यात राहणाऱ्या दागिन्यांसाठी उपयोगाची नाही. फिमो, स्कल्पी आणि सर्निट हे या कामातले परिचित ब्रँड आहेत. सुरुवातीला पांढरा, काळा, तीन मूळ रंग आणि एखादा सोनेरी एवढेच घ्यावेत, कारण बाकीच्या छटा मिश्रणातून तयार होतात आणि रंग आपले आपण मिसळता येणे हीच पुढे आपली ओळख ठरते.

मराठवाड्यात या मालाचा खरा शत्रू उन्हाळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि कुरिअरच्या बंद गाडीत किंवा पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेली क्ले आतल्या आत अर्धवट पक्की होऊन भुसभुशीत होते. म्हणून वर्षभराच्या कच्च्या मालाची मोठी खरेदी हिवाळ्यातच उरकावी. उघडलेली वडी पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळून स्टीलच्या डब्यात, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावी. काही कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यांना कच्ची क्ले चिकटते आणि डब्याचा पृष्ठभागच विरघळवू लागते. उन्हाळ्यात काम पहाटे करावे. क्ले हाताला फार मऊ लागली, तर ती दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांमध्ये काही तास दाबून ठेवावी. जादा प्लास्टिसायझर कागदात उतरते आणि क्लेला पुन्हा अंग येते.

आकार देण्यापूर्वी क्ले मळणे अनिवार्य आहे. ज्वारीच्या भाकरीचा उंडा नीट रगडला नाही तर थापताना कडा फाटतात, तोच प्रकार येथेही होतो. मळलेली क्ले काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर अ‍ॅक्रिलिकच्या लाटण्याने लाटावी आणि जाडी सर्वत्र सारखी राहावी म्हणून दोन्ही बाजूंना एकाच जाडीच्या पट्ट्या ठेवाव्यात. कानातल्यांसाठी दोन ते तीन मिलिमीटर जाडी पुरेशी असते. एका कानातल्याचे वजन, हुकासह, दहा ग्रॅमच्या आत राहील असे पाहावे. त्याहून जड दागिना फोटोत कितीही देखणा दिसला तरी कानाची पाळी ओढतो आणि पुढे डब्यातच राहतो. बोटांचे ठसे टाळण्यासाठी पृष्ठभागावर किंचित कॉर्नफ्लोर लावावे, आणि पांढऱ्या रंगाचे काम दिवसाच्या आरंभी, हात व फरशी स्वच्छ असतानाच करावे. मळण्यासाठी आणि कापण्यासाठी वापरलेली उपकरणे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत.

आता भाजणी. बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच असते. तापमान वेष्टनावर लिहिलेलेच ठेवावे, कारण ते ब्रँडनुसार बदलते : फिमोसाठी 110 अंश सेल्सिअस, तर स्कल्पीच्या प्रीमो प्रकारासाठी 130 अंश. प्रीमोला प्रत्येक 6 मिलिमीटर जाडीस 30 मिनिटे द्यावी लागतात, आणि ही वेळ ओव्हन पूर्ण तापल्यानंतरच मोजायची असते. घरगुती ओटीजीच्या (छोट्या विजेच्या ओव्हनच्या) खटक्यावरील आकडा आणि आतले प्रत्यक्ष तापमान यांत बरेच अंतर असू शकते. संध्याकाळी विजेचा दाब कमी होतो त्या गावांत तर ते अधिकच जाणवते. म्हणून ओव्हनमध्ये ठेवण्याचा छोटा थर्मामीटर हा या व्यवसायातला पहिला खर्च समजावा, रंगीबेरंगी साचे नंतर घेतले तरी चालतात. नग सिरॅमिकच्या फरशीवर कोरा कागद घालून मधल्या कप्प्यात ठेवावेत आणि वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे सैल छप्पर करावे, म्हणजे वरच्या कॉइलच्या झळीने पांढरा रंग पिवळा पडत नाही. मायक्रोवेव्हमध्ये क्ले कधीही भाजू नये. तापमान हाताबाहेर जाऊन क्ले जळू लागली, तर पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर निघतो. अशा वेळी ओव्हन बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि खोलीतून बाहेर पडावे. शक्य असल्यास या कामाचा ओव्हन वेगळाच ठेवावा.

प्रत्येक भाजणीबरोबर त्याच क्लेची दोन मिलिमीटर जाडीची एक पट्टी ठेवावी. थंड झाल्यावर ती थोडी वाकून पूर्ववत झाली तर माल पक्का आहे. कट्कन मोडली तर तो बहुधा कच्चा आहे आणि योग्य तापमानाला पुन्हा भाजता येतो. कमी भाजलेला दागिना दिसायला अगदी नीट असतो आणि मोडतो तो गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर, त्यामुळे ही पट्टी टाळू नये. भाजून झालेल्या नगाच्या कडा पाण्याखाली 400, 600 आणि 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासाव्यात. चमक हवी असल्यास वॉटर-बेस्ड (पाण्यावर आधारित) व्हार्निश किंवा यूव्ही रेझिन, म्हणजे अतिनील प्रकाशाखाली घट्ट होणारा पारदर्शक द्रव, वापरावे. नेलपॉलिश स्वस्त आणि हाताशी असते, पण त्यातील द्रावकामुळे पृष्ठभाग काही काळाने चिकट होतो.

मण्यांच्या कामात मण्याइतकेच लक्ष दोऱ्याकडे द्यावे लागते. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील संग्रहालयात सातवाहन काळातील दगडाचे आणि काचेचे मणी आजही पाहायला मिळतात; त्यांचे दोरे मात्र केव्हाच गेले. जड किंवा धारदार छिद्राच्या मण्यांसाठी गिअर वायर (प्लास्टिकचा लेप असलेली बारीक पोलादी तार) आणि तिची टोके पकडण्यासाठी दाबून बसवायची क्रिंप (धातूची छोटी नळी), हलक्या काचमण्यांसाठी नायलॉन, आणि इलास्टिक केवळ हातातल्या ब्रेसलेटसाठी, अशी विभागणी ठेवावी. बारीक मण्यांच्या मापात आकडा जितका मोठा तितका मणी लहान असतो. 11 नंबरचा मणी सुमारे दोन मिलिमीटरचा असतो. एकसारखी विणलेली पट्टी करायची असल्यास जपानी मणी घ्यावेत, कारण स्वस्त मण्यांत लहानमोठे दाणे निघतात आणि विणकाम वाकडे जाते. साध्या सरात तोच फरक सुंदर दिसतो. 8 मिलिमीटरचे मणी 18 इंचांच्या सरात सुमारे 57 बसतात, हा हिशेब खरेदीपूर्वी मांडावा. गाठवण्याचे कौशल्य शिकायचे असेल, तर गावातल्या पटवेकऱ्याकडे काही दिवस बसून पाहावे. फासा कोठे आणि गाठ कशी लपवायची हे त्यांच्याइतके नेमके क्वचितच कोणी दाखवते.

हुक आणि दांडी स्टेनलेस स्टीलची घ्यावी. स्वस्त धातूतील निकेलमुळे अनेकींच्या कानाला खाज सुटते, आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही. जंप रिंग, म्हणजे भाग जोडणारी छोटी चीर असलेली कडी, उघडताना दोन पकडींनी पुढे-मागे पिळावी, बाजूला ताणू नये, नाहीतर तिचा गोल पुन्हा जुळत नाही.

नक्षीसाठी दूर जाण्याची गरज नाही. पैठणीच्या पदरावरील मोर आणि कमळ, हिमरूची वेलबुट्टी, बीबी का मकबऱ्यातील जाळी, तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेतील कवडी, अजिंठ्याच्या छतावरील फुले, एवढ्यातून वर्षभराचा माल निघू शकतो. मात्र एका हंगामात एकच विषय घ्यावा. सगळे एकत्र मांडले की टेबल सरकारी प्रदर्शनासारखे दिसू लागते. साडीला जुळणारा रंग मागणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी प्रत्येक मिश्रणाची एक भाजलेली चकती करून तिच्या मागे प्रमाण लिहून ठेवावे, कारण भाजल्यावर काही छटा किंचित गडद होतात.

किंमत ठरवताना बहुतेकजणी स्वतःची मजुरी विसरतात. समजा, 56 ग्रॅमची वडी 280 रुपयांना पडली. एका जोडाला सहा ग्रॅम क्ले लागली तर 30 रुपये, हुक-रिंगांचे 15, डबी आणि कार्डाचे 20, वीज व पॉलिश पेपरचे 5, असे 70 रुपये होतात. पाऊण तासाची मजुरी ताशी 80 रुपयांनी 60 धरली की 130, आणि मोडतोडीसाठी दहा टक्के मिळवले की 143. यावर 25 रुपये नफा हवा असेल तर हातात 168 रुपये यायला हवेत. दुकानदार 30 टक्के घेणार असेल, तर डबीवरची किंमत 240 रुपये लागते. स्वतः विकतानाही हीच किंमत ठेवावी, अन्यथा दुकानदार पुढच्या वेळी माल ठेवणार नाही. घासाघीस होणारच, तिच्यासाठी दोन जोडांवर सवलत द्यावी, एका जोडाची किंमत उतरवू नये.

विक्रीचे दिवस आधीपासून ठरलेले असतात. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा मुखवट्यांना साजेसे हार आणि कानातले मागितले जातात. नवरात्रात रंगांप्रमाणे जोड खपतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या वाणासाठी पन्नास-शंभर नगांची मागणी येते, आणि तिच्यासाठी साडीपिनसारखी छोटी, झटपट होणारी वस्तू वेगळी आखावी. लातूरच्या गंजगोलाईत, संभाजीनगरच्या गुलमंडीत किंवा नांदेडच्या वजिराबादेत कटलरीच्या दुकानात माल ‘विकल्यावर पैसे’ या बोलीवर ठेवताना नगांची यादी दोन प्रतींत करून एकीवर दुकानदाराची सही घ्यावी. बचत गटातून काम करणाऱ्यांना उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची प्रदर्शने आणि मुंबईतील महालक्ष्मी सरस हे विक्री प्रदर्शन हे मार्ग खुले असतात. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. तिचे पैसे मागणाऱ्या मध्यस्थांची गरज नाही. वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांच्या आत आणि विक्री केवळ महाराष्ट्रात असेल, तर वस्तूंसाठी जीएसटी नोंदणी साधारणपणे लागत नाही, पण राज्याबाहेर पार्सल पाठवण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारावे.

व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे फोटो खिडकीजवळच्या सावलीत काढावेत आणि एका फोटोत तरी दागिना कानात घातलेला असावा, म्हणजे माप कळते. डबीतल्या कार्डावर ‘पॉलिमर क्ले’ आणि ‘काचमणी’ असे स्पष्ट छापावे, अत्तर व सॅनिटायझर दागिन्यावर उडवू नये ही सूचना द्यावी, आणि तुटलेला हुक किती महिन्यांपर्यंत मोफत बदलून मिळेल तेही लिहावे.