साथीच्या दिवसांत रस्सा मंडळ कसे चालवावे

कोल्हापूरकराची रात्र घरात सरत नाही. गंगावेशीत डोळ्यांसमोर काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध उभ्याने प्यायचे, रंकाळ्याच्या काठावर गप्पा मारत बसायचे आणि अधूनमधून वर्गणी काढून कुणाच्या तरी मळ्यात रस्सा मंडळ, म्हणजे मित्रांची मटण-रश्श्याची पंगत, जमवायचे, ही इथल्या पेठांची रीत आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हे सारे थांबले. २२ डिसेंबरपासून महापालिका क्षेत्रांत रात्री ११ ते सकाळी ६ अशी संचारबंदीही लागली. त्या काळात आम्ही शिकलो ते हे, की श्वासावाटे पसरणाऱ्या साथीत बैठक कायमची मोडण्यापेक्षा ती लहान करावी, उघड्यावर न्यावी आणि ठरलेली तारीख पाळावी. जमावबंदीचा आदेश असेल तर मात्र कोणतीही पळवाट शोधू नये. तेव्हा काय करावे ते पुढे सांगितले आहे.

प्रथम माणसे ठरवावीत. सहा ते आठ जण पुरेत, आणि दर वेळी तेच असावेत. कोविडमध्ये लागण झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच इतरांना रोग देऊ शकत असे. म्हणून बैठकीनंतर कुणाला ताप आला तर त्याच रात्री सर्वांना निरोप जायला हवा, आणि माणसे ठरलेली असतील तरच हे जमते. घसा दुखत असेल, अंग मोडून आले असेल किंवा घरात कुणी आजारी असेल, तर त्याने येऊ नये. ‘येत नाही’ एवढे कळवणे पुरेसे मानावे आणि कारण विचारू नये. आपल्याकडे न येणाऱ्याला चारचौघांत टोचून बोलण्याची सवय आहे; साथीत ही सवय घातक ठरते, कारण त्या बोलण्याच्या भीतीनेच माणूस क्रोसिन घेऊन पंगतीला येऊन बसतो.

जागा निवडताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी. खळे, विहिरीजवळची मोकळी जागा किंवा झाडाखालचा पार उत्तम. तिन्ही बाजूंनी बंद असलेले पत्र्याचे शेड मळ्यात असले तरी ती बंद खोलीच समजावी. आम्ही एक साधी परीक्षा करत असू. जिथे बसायचे तिथे आधी एक उदबत्ती लावायची आणि दहा मिनिटांनी पाहायचे. धूर लगेच पांगत असेल तर बसावे. तो डोक्याच्या उंचीवर तरंगत राहत असेल, तर आपला श्वासही तिथेच साचणार हे उघड आहे. बसताना समोरासमोर पंगत न मांडता अर्धवर्तुळ करावे, एका घरातल्यांनी जवळ बसावे आणि दोन घरांत दोन मीटर अंतर ठेवावे. प्लेगच्या साथीत लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहत, याची आठवण अनेक जुन्या घरांत अजून सांगितली जाते.

स्वयंपाक आणि वाढणे दोघांकडेच द्यावे आणि त्यांनी नाक-तोंड झाकावे. अळणी, पांढरा, तांबडा, जो रस्सा असेल तो चुलीवरून थेट ज्याच्या त्याच्या वाटीत पडावे. हात धुवावेतच, पण भांडी पुन्हापुन्हा औषधाने पुसण्यात रात्र घालवू नये. या साथीचा मुख्य धोका हवेतून होता. म्हणूनच गाण्याचा आवाज लहान ठेवावा. स्पीकर मोठा झाला की माणसे जवळ येऊन ओरडून बोलू लागतात, आणि ओरडताना तोंडावाटे कितीतरी अधिक सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. दारू घेणाऱ्यांनी मर्यादा आधीच ठरवावी, कारण दुसऱ्या ग्लासानंतर अंतर कुणाच्याच ध्यानात राहत नाही. दोन-तीन तासांत उठावे.

भेटता येतच नसेल, तर वेळ तरी एक ठेवावी. २०२० च्या कोजागरीला आम्ही प्रत्येकाने आपापल्या गच्चीवर दूध आटवले आणि चंद्र डोक्यावर आल्यावर एकमेकांना फोन केले. आधी सर्वांना एकाच व्हिडिओ कॉलवर घेऊन पाहिले होते, पण त्यात दोघेच बोलत आणि बाकीचे नुसते पाहत बसत. त्यापेक्षा दोघादोघांनी दहा मिनिटे बोलावे आणि पुढच्या वेळी जोड्या बदलाव्यात. ‘काय भावा, जेवलास काय?’ एवढ्या प्रश्नाने बोलणे सुरू होते आणि मग माणूस पगार कापल्याचे, झोप येत नसल्याचे आपणहून सांगतो. त्या वर्षी सार्वजनिक गणेशमूर्ती चार फुटांवर आली, तरी आरतीची वेळ चुकली नव्हती; वेळ पाळणे हाच मोठा आधार होता.

मंडळातले कुणी साथीत गेले असेल, तर पुढच्या बैठकीत त्याचे नाव टाळू नये. टाळेबंदीत अनेकांना अंत्यविधीला जाता आले नाही, त्यामुळे ते दुःख बोलायचे राहून गेले आहे. जेवणाआधी ज्याला जे आठवेल ते त्याने सांगावे. कुणी रडले तर रडू द्यावे. मात्र एखादा रोज एकटा पीत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला असेल, तर पंगत हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याच्याजवळ बसून १४४१६ या ‘टेली मानस’ सेवेच्या क्रमांकावर फोन लावून द्यावा. ही सरकारी सेवा मोफत असून दिवसरात्र चालते.

विलगीकरणात असलेल्यासाठी पहिला डबा भरावा, पंगत बसण्याच्या आधी. तांबडा-पांढरा वेगवेगळ्या डब्यांत, भाकरी फडक्यात आणि सोबत चिरलेला कांदा-लिंबू द्यावे. डबा उंबऱ्याबाहेर ठेवून मागे सरावे, हाक मारावी आणि तो दार उघडून डबा उचलेपर्यंत रस्त्यावर उभे राहून त्याच्याशी बोलावे.