बँडसॉ वाकडे कापू लागले तर काय तपासावे

बडोद्यात दांडिया बाजाराच्या परिसरात जुना वाडा पाडला गेला की त्याच्या सागवानी तुळया विकायला येतात, आणि अशी एखादी तुळई आणून तिच्या फळ्या पाडाव्यात, हा मोह लाकूडकामाची आवड असलेल्या कोणालाही आवरत नाही. माझ्या १४ इंची चाकांच्या बँडसॉवर, म्हणजे वरखाली असलेल्या दोन चाकांवरून पट्टीसारखे पाते फिरवणाऱ्या करवतीच्या यंत्रावर, मी असेच एकदा काम करीत होतो. पहिल्या दोन फळ्या सरळ निघाल्या. तिसरीला मात्र पाते डावीकडे सरकू लागले आणि फळी एका टोकाला पाऊण इंच, तर दुसऱ्या टोकाला जेमतेम चार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उरली. पुढचे दोन दिवस मी फेन्स (लाकूड सरळ सरकावे म्हणून टेबलावर लावलेली आधाराची पट्टी) सरकवण्यात आणि गाइड (पात्याला बाजूंनी व मागून आधार देणारे भाग) आवळण्यात घालवले. दोष त्या दोन्हींत नव्हताच. लाकडात गंजून रुतलेल्या एका खिळ्याने पात्याच्या उजव्या बाजूच्या दात्यांची धार घालवली होती, आणि ज्या बाजूला धार शिल्लक असते त्या बाजूला पाते ओढले जाते.

म्हणून सांगावेसे वाटते की या यंत्राचा दोष शोधताना क्रम पाळावा: आधी पाते, मग ताण, मग पात्याची चाकावरील जागा, त्यानंतर गाइड आणि सर्वांत शेवटी फेन्स. बहुतेक जण नेमके उलट्या क्रमाने जातात, कारण फेन्स आणि गाइड समोर दिसतात व हाताशी असतात. कोणतीही तपासणी करण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढून ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. चाके हातानेच फिरवावीत.

पाते तपासताना ते उजेडाकडे धरून दात्यांच्या टोकांकडे पाहावे. बोथट झालेले टोक उजेडात पांढुरके चमकते, धारदार टोक चमकत नाही. दाते आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे सारखेच वाकवलेले आहेत का, हेही पाहावे. सागात वाळूसारखे सिलिका असल्यामुळे तो मऊ वाटला तरी धार लवकर खातो. साध्या कार्बन पोलादाचे पाते सागावर लवकर थकते, ते याच कारणाने. राळेचा काळा थर दात्यांवर बसला असेल तर पाते बोथट नसतानाही लाकूड जळते आणि कापाच्या कडा तपकिरी होतात. अशा वेळी रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने आणि पितळी ब्रशने थर काढावा. जुने लाकूड असेल तर कापण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवणे, हा धडा मला त्या तुळईने शिकवला.

पाते धारदार असूनही कामाला अयोग्य असू शकते. जाड लाकूड उभे चिरून फळ्या काढायच्या असतील तर इंचाला ३ दाते असलेले, चार सूत म्हणजे अर्धा इंच रुंदीचे पाते घ्यावे. बारीक दात्यांमध्ये भुसा साठतो, पाते तापते आणि लाकडाच्या पोटात वाकते. उलट, पातळ फळीत एका वेळी निदान तीन दाते रुतलेले असले पाहिजेत. वळण कापताना रुंदीला महत्त्व येते: दोन सुती पाते साधारण पाच सूत त्रिज्येचे वळण घेते, तर चार सुती पात्याला सुमारे अडीच इंच त्रिज्या लागते. त्याहून घट्ट वळणात पाते बळेच फिरवले की ते पिळते. त्याऐवजी टाकाऊ भागात आडवे काप आधी देऊन ठेवावेत, म्हणजे तुकडे सुटत जातात आणि पात्याला जागा मिळते.

ताण कमी असल्याची खूण फळी उभी करून पाहिल्यावर दिसते. वरची व खालची कड रेघेवर असते, पण मधला भाग पिंपासारखा फुगलेला किंवा खोलगट निघतो. यंत्रावरील ताणाच्या खुणांवर मी फारसा विसंबत नाही, कारण स्प्रिंग जुनी झाली की त्या खुणा खोटे बोलतात. त्याऐवजी वरचे गाइड टेबलापासून सहा इंचांवर ठेवून पाते बोटाने आडवे दाबावे. मध्यम जोराने दाबल्यावर ते दोन सुतांहून अधिक सरकू नये.

ताण बसल्यावरच पात्याची चाकावरील जागा ठरवावी, कारण ताण बदलला की ती जागाही बदलते. दोन्ही गाइड आधी पूर्ण मागे घ्यावेत, वरचे चाक हाताने फिरवीत मागची कलण्याची चावी थोडी थोडी वळवावी आणि पाते टायरच्या, म्हणजे चाकावर चढवलेल्या रबरी पट्टीच्या, उंचवट्यावर मध्यभागी धावू लागले की थांबावे. पाते मागेपुढे डुलत राहिले तर टायर पाहावेत. त्यांवर भुसा आणि राळ यांचा थर घट्ट बसतो. तो लाकडी पट्टीने खरवडून काढल्यावर माझ्या यंत्रातील निम्मी थरथर नाहीशी झाली होती. रबराला भेगा असतील तर मात्र टायर बदलण्याला पर्याय नाही.

आता गाइड. बाजूचे ठोकळे किंवा बेअरिंग पात्याला चिकटू नयेत. साध्या कागदाची एक पट्टी मध्ये घालून ती अलगद ओढून काढता येईल, इतकेच अंतर दोन्ही बाजूंना असावे. त्यांची पुढची कड दात्यांच्या मागील खाचेच्या किंचित मागे राहिली पाहिजे, नाहीतर दाते ठोकळ्यावर घासतात आणि नवे पाते पहिल्याच दिवशी वाया जाते. मागचे बेअरिंग यंत्र रिकामे चालताना फिरू नये, लाकूड ढकलल्यावरच फिरावे. त्यासाठी अर्ध्या मिलिमीटरचे अंतर पुरते. वरचे गाइड लाकडाच्या वर फक्त दोन सूत ठेवावे, त्यामुळे काप सरळ येतोच, शिवाय बोटांजवळ उघडे पातेही कमी राहते. टेबल पात्याशी काटकोनात आहे का, ते गुण्याने याच वेळी पाहून घ्यावे.

इतके करूनही काप एका बाजूला जात असेल तर तो त्या पात्याचा स्वभाव समजावा आणि फेन्स त्याच्या कलाने लावावे. एका सरळ फळीवर कडेला समांतर रेघ मारावी, फेन्स काढून ठेवावे, हाताने रेघेवर अर्ध्यापर्यंत कापावे आणि फळी तिथेच धरून यंत्र बंद करावे. पाते थांबले की फळी ज्या कोनात उभी असेल, तो कोन टेबलावर पेन्सिलीने उतरवून फेन्स त्याला समांतर बसवावे. पाते बदलले की हे पुन्हा करावे लागते.

पाते फिरताना नियमित टकटक ऐकू आली तर यंत्र लगेच बंद करावे. एक तर पात्याची टोके जुळवणारा जोड नीट घासलेला नसतो, नाहीतर खाचेच्या तळाशी तडा गेलेला असतो आणि पाते तुटण्याच्या बेतात असते. पाती वारंवार तुटत असतील तर जाडी मोजावी: १४ इंची चाकांना ०.६ मिलिमीटरच्या आसपासचे पाते मानवते, तर मोठ्या यंत्रांसाठीचे ०.९ मिलिमीटरचे पाते लहान चाकावर सतत वाकून लवकर थकते. लाकूड घालताच पाते थांबते पण मोटर फिरतच राहते, तेव्हा मोटरचा पट्टा सैल असतो. मोटरही कण्हू लागली तर विजेचा दाब कमी झाला आहे का, हे पाहावे आणि लांब, बारीक तारेचे एक्स्टेन्शन आधी काढून टाकावे.

काम संपल्यावर ताण सैल करावा, नाहीतर पाते टायरांवर एकाच जागी दाबलेले राहून तिथे चपटी खाच पडते. सैल केल्याचे दुसऱ्या दिवशी लक्षात राहत नाही, म्हणून ‘ताण सैल आहे’ असे लिहिलेला पुठ्ठा मी बटणावरच अडकवून ठेवतो.