दुरुस्तीहून आलेला संगणक ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ म्हणू लागला तर

मुंबईत खेतवाडीत घरच्या घरी मी डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं काम करते. आषाढ लागला की मंडळांची पावती पुस्तकं आणि अहवाल यायला लागतात आणि गणपती येईपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. दोन वर्षांपूर्वी नेमक्या त्याच दिवसांत छताच्या ओलीने माझ्या संगणकाचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी, गेला. संगणकाच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे बोर्ड संध्याकाळपर्यंत बदलून मिळाला. घरी आणून चालू केला तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरं उमटलेली: ‘ॲक्टिव्हेट विंडोज’. म्हणजे, तुमचं विंडोज परवान्याचं आहे हे पटवून द्या. पक्कं बिल देऊन घेतलेलं विंडोज होतं माझं. त्या रात्री मी जे धडपडत शोधलं आणि नंतर वाडीतल्या पाच-सहा घरांत जे करून दिलं, ते इथे लिहिते आहे.

पहिल्यांदा धीर धरा. त्या अक्षरांमुळे संगणक बंद पडत नाही. फाइली उघडतात, छपाई होते, सुरक्षेचे अपडेट येत राहतात. वॉलपेपर आणि रंग बदलायची सेटिंग्ज तेवढी अडतात. म्हणजे हातातलं काम संपवून दोन दिवसांनी शांतपणे बसलात तरी चालतं. घाईत माणूस कुणाला तरी फोन करतो, तो ‘पाचशे रुपये द्या, पाच मिनिटांत करतो’ म्हणतो, आणि खरं नुकसान तिथून पुढे होतं.

विंडोज तुमच्या यंत्राची ओळख मुख्यतः मदरबोर्डावरून ठरवतं. रॅम वाढवली किंवा डिस्क बदलली तर सहसा काही होत नाही. बोर्ड बदलला की मात्र त्याच्या लेखी तो दुसराच संगणक असतो. म्हणून आधी पाहायचं ते हे, की आपला परवाना कोणत्या जातीचा आहे. कीबोर्डवरची विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, एक छोटी खिडकी येईल. तिच्यात इंग्रजी लहान अक्षरांत एस, एल, एम, जी, आर हे सलग लिहा, एक मोकळी जागा सोडा, मग पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून डी, एल, आय. एंटर दाबून थोडं थांबा. एक चौकट येते. तिच्यातली ‘डिस्क्रिप्शन’ची ओळ वाचा.

तिथे ‘रिटेल’ असेल तर परवाना तुमच्यासोबत फिरतो. एका संगणकावरून काढून दुसऱ्यावर घालता येतो, फक्त एका वेळी एकाच ठिकाणी. ‘ओईएम’ असेल तर तो यंत्राबरोबर आलेला आहे आणि त्या बोर्डाशी बांधलेला आहे. ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ असं दिसलं तर जरा सावरून बसा. ही मोठ्या कार्यालयांची पद्धत आहे. त्यांच्या आतल्या सर्व्हरशी संगणक बोलतो आणि दर खेपेला १८० दिवसांची मुदत मिळते. घरच्या संगणकाला असा सर्व्हर कुठून येणार? तो ऑफिसने दिलेला लॅपटॉप नसेल, तर कुणीतरी जुगाड करून विंडोज चालू करून दिलेलं असण्याचीच शक्यता जास्त. खात्री करायची तर पुन्हा तीच खिडकी, तीच पाच अक्षरं, फक्त शेवटी डी, एल, आयच्या जागी एक्स, पी, आर. कायमचा परवाना असेल तर ‘पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड’ असं उत्तर येतं. तारीख आली, तर त्या तारखेला ही कटकट पुन्हा दारात उभी राहणार हे धरून चाला.

माझा परवाना रिटेल होता. सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग ॲक्टिव्हेशन असं गेले (विंडोज १० असेल तर ‘अपडेट अँड सिक्युरिटी’च्या आत बघा). तिथे एरर कोड होता, शेवटची चार अक्षरं एफ२११. याचा अर्थ, यंत्राचा भाग बदलला आहे. खाली ‘ट्रबलशूट’ दाबलं, की ‘आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रिसेंटली’ अशी ओळ येते. ती दाबून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरायचं. आपल्या नावावरच्या संगणकांची यादी येते. तिच्यातला आपला जुना निवडायचा, ‘आत्ता वापरते आहे तो हाच’ या अर्थाच्या ओळीपुढे खूण करायची आणि ॲक्टिव्हेट. दोन मिनिटांत कोपऱ्यातली अक्षरं गेली.

हे जमलं याला कारण एकच. परवाना आधीच माझ्या खात्याशी जोडलेला होता. २०१६पासून विंडोज १०मध्ये ही सोय आली आणि ११मध्येही आहे. म्हणून हे वाचता आहात तोवर, यंत्र धडधाकट असतानाच, ॲक्टिव्हेशनच्या पानावर एकदा नजर टाका. ‘डिजिटल लायसन्स लिंक्ड टू युअर मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ असं लिहिलेलं पाहिजे. ‘लिंक्ड’पासून पुढचं नसेल तर त्याच पानावरून खातं जोडून घ्या. आणखी एक, संगणकाला नाव द्या. मूळ नाव ‘डेस्कटॉप’पुढे काहीतरी अक्षरांची खिचडी असं असतं. दोन-तीन यंत्रं असली तर यादीत आपलं कोणतं हे कळत नाही. सिस्टीममध्ये ‘अबाउट’ला जाऊन ‘रीनेम’ करता येतं. माझ्याकडच्याचं नाव आता ‘खेतवाडी-मोठा’ आहे, अर्थात इंग्रजी अक्षरांत.

शेजारच्या वहिनींच्या लॅपटॉपचं दुखणं वेगळं होतं, आणि मुंबईत ते फार दिसतं. लॅपटॉप हळू चालतो म्हणून मुलाने कोपऱ्यावरच्या दुकानातून फॉरमॅट करून आणला. विंडोजच्या होम आणि प्रो अशा वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. लॅपटॉपसोबत होम आलेलं होतं. दुकानात सरसकट प्रो टाकतात, तसं याच्यातही टाकलं. होमचा परवाना प्रोला लागू होत नाही, आणि मग माणसाला वाटतं आपला परवाना गेला. गेलेला नसतो. विंडोज ८च्या काळापासून, म्हणजे २०१२पासून, ब्रँडेड लॅपटॉपची ‘की’, म्हणजे परवान्याचा अक्षर-आकड्यांचा क्रमांक, बोर्डावरच्या चिपमध्येच लिहिलेली असते. आम्ही मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवला, वहिनींचे फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेर काढून ठेवली आणि होम टाकलं. त्याने की विचारलीसुद्धा नाही. इंटरनेट लागताच आपलं आपण चालू झालं. तेव्हा फॉरमॅटला देताना दुकानदाराला चिठ्ठीवर लिहून द्या: होम आहे, होमच टाका. आणि ब्रँडेड लॅपटॉपचा बोर्डच बदलायची वेळ आली तर कंपनीच्या सेवा केंद्रातून बदला, आणि नव्या बोर्डावर विंडोज ॲक्टिव्हेट झालेलं तिथेच उभं राहून पाहून घ्या.

तिसरी गोष्ट इतकी साधी की कुणाच्या लक्षात येत नाही. घड्याळ. बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर२०३२, तीन व्होल्टची. ती संपली की वीज गेल्यावर संगणकाची तारीख मागे पडते. तारीख चुकली की सर्व्हरचं प्रमाणपत्र जुळत नाही आणि ॲक्टिव्हेशन अडतं. कोडच्या शेवटी २एफ८एफ दिसलं, किंवा ब्राउझरमध्ये बँकेची साइटही असुरक्षित म्हणून उघडेनाशी झाली, तर आधी तारीख, वेळ आणि टाइम झोन बघा. ती बॅटरी घड्याळजीकडेही मिळते. आमच्या मावशींनी नवीन की विकत घ्यायची तयारी केली होती, काम बॅटरीवर भागलं.

बाकीचे कोड थोडक्यात. एफ०५० म्हणजे की चुकीची, बऱ्याचदा बी आणि ८ यांची गल्लत. पाच-पाचचे पाच गट, २५ अक्षरं, कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगून टाका. सी००८ म्हणजे ती की परवानगीपेक्षा जास्त यंत्रांवर वापरली गेली आहे. तुमचंच जुनं यंत्र असेल तर त्याच्यावरून ती काढा, मग इथे घाला. एफ०७४ म्हणजे मघाचा तो केएमएस सर्व्हर सापडत नाही.

जुगाडाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. ॲक्टिव्हेटर म्हणून जी फाइल फिरते, ती चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या संगणकावर आपण बँकेचा पासवर्ड घालतो, त्याचं दार आपल्याच हाताने उघडून अनोळखी माणसाला आत घ्यायचं, असा त्याचा अर्थ होतो. आणि कायद्यातही ते बसत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ६३बी प्रमाणे संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. पाचशे रुपयांत मिळणारी ‘आजन्म’ कीसुद्धा अनेकदा कुठल्या तरी कार्यालयाच्या गठ्ठ्यातली असते. आज चालते, पुढे अडवली जाते, आणि विकणारा तोवर फोन उचलत नाही. पैसे नसतील तर ती फिकट अक्षरं तशीच राहू द्या आणि काम करत राहा. त्यात कमीपणा काही नाही.

मदतीचा नंबर सर्चमध्ये शोधू नका. वर येणारे कितीतरी नंबर भामट्यांचे असतात. ते स्क्रीन ताब्यात घेणारं ॲप टाकायला लावतात आणि मग पैसे मागतात. विंडोजमधलंच ‘गेट हेल्प’ उघडा. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावा.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं, म्हणजे वर्ड-एक्सेलचं गणित निराळं. ऑफिसचा परवाना गेला तर वर्डमध्ये फाइल दिसते, छापता येते, पण अक्षरही बदलता येत नाही. दहापैकी बहुतेक वेळा कारण चुकीचं खातं असतं. लॅपटॉप घेताना मुलाच्या ईमेलवर ऑफिस चालू केलेलं असतं आणि आता बाबांचं खातं घातलेलं असतं. घरातले सगळे ईमेल कागदावर लिहा आणि एकेक घालून पाहा. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस असेल तर ते ठरलेल्या मुदतीत चालू करावं लागतं, म्हणून नवा लॅपटॉप घरी आला त्याच आठवड्यात ते करून टाका.

आमच्या धंद्यातल्यांसाठी दोन शब्द. मराठी डीटीपीची काही सॉफ्टवेअरं डोंगलवर चालतात, म्हणजे परवाना पेनड्राइव्हसारख्या एका तुकड्यात असतो आणि तो यूएसबीत लावलेला असावा लागतो. पावसाळ्यात त्याच्या पितळी पट्ट्यांवर ओल बसते आणि सॉफ्टवेअर ‘परवाना नाही’ म्हणतं. कोरड्या सुती कापडाने पुसा, संगणकाच्या मागच्या यूएसबीत थेट लावा, एका यूएसबीच्या चार करणाऱ्या हबमध्ये नको. विंडोज नव्याने टाकलं असेल तर डोंगलचा ड्रायव्हरही पुन्हा टाकावा लागतो. युनिकोड (कुठल्याही संगणकावर वाचता येणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टांतला मजकूर त्या सॉफ्टवेअर-फॉन्टांशिवाय उघडला तर नुसती विचित्र चिन्हं दिसतात. म्हणून मी प्रत्येक अहवालाची पीडीएफ आणि युनिकोडमधली एक प्रत त्याच दिवशी काढून ठेवते. दोन संगणकांपुरती मुभा देणारी जी चित्रांची सॉफ्टवेअरं आहेत, त्यांतून फॉरमॅटला देण्याआधी साइन आउट करा. नाहीतर मेलेला संगणकही एक जागा अडवून बसतो.

संगणक दुरुस्तीला निघण्याआधी मी आता एक कागद भरते: विंडोजची आवृत्ती, होम की प्रो, परवान्याची जात, कीची शेवटची पाच अक्षरं, कोणत्या ईमेलला जोडलं आहे, आणि बिलाची तारीख. ॲक्टिव्हेशनच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढते. बिलाची झेरॉक्स आणि हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाच्या फाइलीत असतो, वरच्या फळीवर, जिथे छताचं पाणी पोचत नाही.