ऑस्ट्रेलियाच्या प्रजासत्ताकासाठी रस्त्यावर उतरताय? या चुका टाळा

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत शनिवारी सकाळी टेबल, दोन क्लिपबोर्ड आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन आम्ही उभे राहतो. अलीकडे नव्यानं येणाऱ्या स्वयंसेवकांत आपली मंडळी बरीच दिसतात. नुकतीच नागरिकता घेतलेली, वाचन असलेली, आपण राहतो त्या देशाचा प्रमुख ब्रिटनचा राजा नको, त्याच देशातला माणूस असावा असं मनापासून वाटणारी. याचा मला खूप आनंद आहे. पण दर काही महिन्यांनी त्याच चुका नव्या चेहऱ्यांकडून होताना बघते आणि जीव तुटतो, कारण एक दुखावलेला माणूस परत टेबलापाशी येत नाही. शिवाय घरी जाऊन चारजणांना सांगतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

घाई

पहिल्या दिवशीचा प्रश्न ठरलेला असतो: "सार्वमत कधी?" इतक्यात तरी नाही. 2022 मध्ये सरकारनं प्रजासत्ताकासाठी एक सहायक मंत्री नेमला होता, 2024 च्या जुलैत ते पदच गेलं. मध्ये 14 ऑक्टोबर 2023 ला आदिवासींच्या 'व्हॉइस'चं (त्यांची सल्लागार संस्था घटनेत आणण्याचं) सार्वमत साठ टक्के 'नो'नं पडलं आणि त्यानंतर कोणत्याही पक्षाला घटनेला हात लावायची इच्छा उरली नाही. इथं आजवर 45 दुरुस्त्या मतदाराकडे गेल्या, त्यातल्या 8 मंजूर झाल्या, शेवटच्या 1977 मध्ये. विरोधी पक्षाचा पाठिंबा नसताना एकही झालेली नाही. हे आकडे पाठ असू द्या, म्हणजे दोन महिन्यांत निराश होऊन क्लिपबोर्ड परत करायची वेळ येणार नाही. "आज किती सह्या झाल्या" हे मोजत बसणाऱ्यांबद्दल मला फारशी आशा वाटत नाही. बाजूनं असलेल्या माणसाची सही अर्ध्या मिनिटात मिळते आणि तिनं काही बदलत नाही. विरोधातल्या माणसाशी दहा मिनिटं बोलणं झालं आणि सही एकही मिळाली नाही, तर ती सकाळ मी चांगली गेली असं समजते.

राजघराण्यावर तोंडसुख घेणं, आणि तेही 11 नोव्हेंबरला

ही माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक, म्हणून सविस्तर सांगते.

11 नोव्हेंबर 1975 ला राणीचे इथले प्रतिनिधी, गव्हर्नर-जनरल सर जॉन केर यांनी निवडून आलेल्या गॉफ व्हिटलम यांना पंतप्रधानपदावरून काढलं. चळवळीतल्या माणसाला ही तारीख हमखास माहीत असते. पण पहिलं महायुद्ध थांबलं तोही 11 नोव्हेंबरच. सकाळी अकरा वाजता देशभर एक मिनिट शांतता पाळतात, छातीला लाल पॉपीचं फूल लावतात आणि शहीद स्मारकापाशी वृद्ध सैनिक पदकं लावून उभे असतात.

एका वर्षी आमच्यातल्या एका हुशार पण उतावळ्या मुलाला वाटलं की बरखास्तीच्या दिवशी टेबल लावलं तर मुद्दा आपोआप पटेल. त्यानं दुकानांच्या रांगेबाहेर जागा घेतली. तीस पावलांवर पॉपी विकणारे दोन आजोबा बसले होते. अकराला पाच कमी असताना त्यातले एक, काठी टेकत, टेबलापाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "आजच का?" पोरानं उत्तर दिलं ते असं: "तुम्ही परक्या राजासाठी लढलात, म्हणूनच आज."

मी पत्रकांचं खोकं घेऊन तिथवर पोचले तेव्हा ते आजोबा नुसते उभे होते. त्यांच्या कोटावर तीन पदकं होती आणि पॉपीची टाचणी उलटी लागली होती. ओठ हलत होते, शब्द नव्हता. मग म्हणाले, "माझा भाऊ त्या झेंड्याखाली गेला." शेजारच्या बेकरीतली बाई बाहेर आली. तिनं एक शब्दही न बोलता आमची पत्रकं टेबलावर पालथी घातली. अकरा वाजले. सगळा रस्ता थांबला. आम्हीही.

त्या बेकरीसमोर आम्हाला पुढे कुणी उभं राहू दिलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

त्या वाक्यात तीन गोष्टी चुकल्या. एक, कुणाचं दुःख मुद्द्यासाठी वापरलं. दोन, प्रजासत्ताक आणि झेंडा यांचा थेट संबंध नाही हे सांगायची संधी घालवली. झेंडा बदलायचा तर कायद्यानं त्यासाठी वेगळं मतदान लागतं. आजोबांना हे एवढं हळू आवाजात ऐकवलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. तीन, मुळात मुद्दाच अर्धवट माहीत होता. केर यांनी राणीला आधी कळवलं नव्हतं. 2020 मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जाहीर झालेल्या त्यांच्या आणि राजवाड्याच्या पत्रव्यवहारात ते त्यांनी स्वतःच लिहिलेलं आहे. त्यामुळे "राणीनं सरकार पाडलं" म्हणालात की जाणकार माणूस तुम्हाला तिथंच थांबवतो. आणि पुढे विचारतो, "मग तुमचा राष्ट्राध्यक्ष हेच करणार नाही कशावरून?" प्रश्न रास्त आहे. पंतप्रधानाला काढण्यासारखे राखीव अधिकार घटनेत नीट लिहून बांधले नाहीत तर राजा गेल्यानं तो धोका जात नाही. म्हणून बरखास्तीचा दाखला द्यायचाच असेल तर अधिकार लेखी असावेत यासाठी द्या, राजघराण्याला दोष देण्यासाठी नको.

माझा नेम सांगते. 11 नोव्हेंबरला टेबल नाही. राजा चार्ल्सबद्दल वाईट शब्द नाही, त्यांच्या मुलासुनांबद्दल तर अजिबात नाही. एलिझाबेथ राणीवर इथल्या कितीतरी लोकांचं मनापासून प्रेम होतं, 2022 च्या सप्टेंबरात ती गेली तेव्हा माझ्या शेजारणीनं अंगणात फुलं ठेवली होती. तीच शेजारीण आज आमच्या बाजूनं आहे, कारण तिच्या राणीबद्दल मी कधी वावगं बोलले नाही. ऑस्ट्रेलियाचा प्रमुख ऑस्ट्रेलियातलाच असावा, एवढंच मागणं आहे आणि ते कुणाचाही अपमान न करता मांडता येतं.

26 जानेवारी

आपल्या लोकांना वाटतं, भारताचा प्रजासत्ताक दिन आणि ऑस्ट्रेलिया डे एकाच दिवशी, केवढा योग! कृपा करून त्या दिवशी टेबल लावू नका. 1788 मध्ये ब्रिटिश ताफ्यानं सिडनी कोव्हला झेंडा रोवला ती ही तारीख. आदिवासींसाठी तो आक्रमणाचा दिवस आहे, हजारो लोक त्या दिवशी शोकात रस्त्यावर असतात. आपल्याला आनंदाचा वाटणारा दिवस समोरच्याच्या जखमेवर बेतलेला असू शकतो, हे आपल्याला वेगळं शिकवायला लागू नये.

"आम्ही 1950 सालीच केलं"

हे वाक्य बंद करा. स्थलांतरित माणसाच्या तोंडून ते उपदेशासारखं लागतं, हेतू कितीही चांगला असो. भारताचा दाखला एकाच ठिकाणी चपखल बसतो: "प्रजासत्ताक झालो की कॉमनवेल्थमधून बाहेर पडू, मग कॉमनवेल्थ गेम्सचं काय?" असं कुणी विचारलं की. तेव्हा सांगा, की एप्रिल 1949 च्या लंडन जाहीरनाम्यानं भारताला प्रजासत्ताक होऊनही आत राहता आलं आणि आज कॉमनवेल्थचे बहुतेक सभासद देश प्रजासत्ताकच आहेत. बार्बाडोस 2021 मध्ये झालं, तेही आतच आहे. एवढं बोला आणि थांबा.

मराठी घरात बोलताना मात्र भारताचाच दाखला सगळ्यात सोपा. टार्नीटमधल्या एका काकूंना मी "प्रतिभाताई पाटलांसारखं, राज्य पंतप्रधानांचंच" एवढंच म्हटलं, आणि त्या लगेच "हो का, मग ठीक" म्हणाल्या. इथं जन्मलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर राष्ट्राध्यक्ष म्हटलं की अमेरिकेचा येतो. त्याला आधी सांगा की काम गव्हर्नर-जनरलचंच राहील, माणूस आपण निवडू.

निवड कशी, यावर प्रत्येकानं आपलं उत्तर देणं

ही दुसरी मोठी चूक. 1999 चं सार्वमत याच खड्ड्यात पडलं आणि नव्या माणसाला ते माहीतच नसतं. 6 नोव्हेंबर 1999 ला मांडलेला आराखडा असा होता: राष्ट्राध्यक्ष संसदेच्या दोन तृतीयांश मतांनी, आणि पंतप्रधान त्याला ताबडतोब काढू शकणार. थेट निवडणूक हवी असलेल्या कितीतरी प्रजासत्ताकवाद्यांनीच याला 'राजकारण्यांचं प्रजासत्ताक' ठरवून 'नो'ला मत दिलं. राजसत्तावाद्यांनी तीच घोषणा उचलली. निकाल: 'येस' 45.13 टक्के, 'नो' 54.87. राजा हवा म्हणणारे तेवढे नव्हते, आपसात फुटलेले पुष्कळ होते.

आता टेबलावर काय होतं ते सांगते. गेल्या उन्हाळ्यात एक नर्स रात्रपाळी संपवून घरी जाताना थांबली. "निवडणार कोण?" तिनं विचारलं. एकानं सांगितलं, संसद. दुसरा लगेच म्हणाला, नाही, जनता. तिसरी म्हणाली, ते नंतर बघू, आधी राजा तर जाऊ दे. नर्सनं तिघांकडे आळीपाळीनं बघितलं, पेन क्लिपबोर्डच्या कडेला नीट खोवलं आणि म्हणाली, "तुमचं ठरलं की सांगा." तिसरं उत्तर सगळ्यात वाईट होतं. 2023 च्या 'व्हॉइस' सार्वमतात 'माहीत नसेल तर नो म्हणा' ही घोषणा याच जागेवर घाव घालून गेली. माहिती लपवणाऱ्यावर या देशात विश्वास ठेवत नाहीत, ठेवूही नये.

म्हणून टेबल उघडण्याआधी मी सगळ्यांना एका ओळीत उभं करते आणि एकच उत्तर म्हणायला लावते. ऑस्ट्रेलियन रिपब्लिक मूव्हमेंटनं 2022 मध्ये मांडलेला पर्याय दोन वाक्यांत सांगता येतो: प्रत्येक राज्य आणि टेरिटरीची (राज्याचा दर्जा नसलेल्या प्रदेशाची) विधानसभा एक नाव देणार, केंद्रीय संसद तीनपर्यंत देणार. त्या जास्तीत जास्त अकरा नावांतून जनता मतदान करून एकाला पाच वर्षांसाठी निवडणार. मग मी उलट विचारते, "तुम्हाला कोणी निवडावं असं वाटतं?" आणि उत्तर वहीत लिहून घेते, समोरच्याला दिसेल असं. लोक वहीकडे बघतात आणि जास्त बोलतात. त्या वहीतून मला जे शिकायला मिळालं ते कुठल्या पत्रकात नव्हतं.

आपल्याच गल्लीत फिरणं

आधीच आपल्या बाजूच्या फिट्झरॉय भागातल्या कॅफेबाहेर सह्या पटापट मिळतात, म्हणून नवे लोक तिथंच जातात. पण घटनेच्या कलम 128 नुसार देशभरात बहुमत हवं, शिवाय सहापैकी चार राज्यांत बहुमत हवं. 1999 मध्ये एकही राज्य मिळालं नाही. आमचं व्हिक्टोरिया 49.84 टक्क्यांवर अडलं, क्वीन्सलंड 37.44 वर. फक्त कॅनबेराच्या टेरिटरीनं 'येस' म्हटलं आणि टेरिटरी राज्यांच्या हिशेबात धरत नाहीत. म्हणून वेरिबीला जा, मेल्टनला जा, रेल्वेनं बेंडिगोला जा. पहिले दोन तास कुणी थांबणार नाही. तरी उभे राहा.

आपल्या वस्तीत फिरताना आणखी एक भान ठेवा: मत साधारणपणे नागरिकालाच आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे आपले अनेकजण वर्षानुवर्षं पीआरवरच (कायम वास्तव्याच्या परवान्यावर) असतात. त्यांना झटकू नका, उद्या तेच मतदार होणार आहेत, पण पूर्ण सकाळ तिथंच घालवू नका. नुकतेच नागरिक झालेल्यांना एवढंच आठवून द्या, की समारंभात त्यांनी निष्ठेची शपथ ऑस्ट्रेलिया आणि तिथल्या लोकांच्या नावानं घेतली, राजाचं नाव त्यात नव्हतं. 1994 पासून तसंच आहे. खासदारांना मात्र आजही राजाच्याच नावानं घ्यावी लागते. हे ऐकून भले भले थबकतात.

थोडक्यात

काउन्सिलची (स्थानिक पालिकेची) परवानगी घेतल्याशिवाय फूटपाथवर टेबल मांडू नका.

पत्रकावर कुणी अधिकृत केलं त्याचं नाव आणि गाव छापलेलं हवं. घरी प्रिंट काढून वाटलेलं बिननावी पत्रक चळवळीला अडचणीत आणतं.

संसदेकडे जाणाऱ्या अर्जाच्या प्रत्येक पानावर मागणीचा मजकूर हवा, नुसत्या सह्यांचं कोरं पान फुकट जातं.

सही करणाऱ्याचा नंबर व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकू नका. विचारल्याशिवाय तर कधीच नाही.

मतदानाच्या दिवशी केंद्राच्या दारापासून सहा मीटरच्या आत प्रचार चालत नाही. आणि मतपत्रिकेवर 'येस' किंवा 'नो' असा शब्दच लिहायला सांगा. टिक सहसा 'येस' धरतात, फुली 'नो' धरत नाहीत. यावरून 2023 मध्ये केवढा गदारोळ झाला.

उन्हाळ्यात टोपी, पाणी आणि सनस्क्रीन. भोवळ आलेल्या स्वयंसेवकाशी कुणी घटनेवर चर्चा करत नाही.

"विचार करते" म्हणून निघून गेलेल्या माणसानं नंबर दिला असेल तर आठवड्याच्या आत फोन करा, आणि पहिलं वाक्य त्यानं विचारलेल्या प्रश्नाबद्दल असू द्या. सही केलेल्यांना महिन्यानं केला तरी चालतं.